चुलीला गुण द्या

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ठाण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर स्काऊट-गाइडचा मेळावा होता. बिनभांड्यांच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. चौदा संघ, प्रत्येक संघात सहा-सात मुलं, वेळ दीड तास. ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: तवा, पातेलं, कढई यांतलं काहीही वापरायचं नाही. कणकेचा गोळा सोललेल्या काठीला गुंडाळून निखाऱ्यावर फिरवायचा, बटाटा-रताळं राखेत पुरायचं, कांदा कोरून त्याच्या वाटीत अंडं फोडायचं, केळीच्या पानात पीठ थापून पानगा भाजायचा. चूल स्वतः मांडायची, सरपण स्वतः निवडायचं आणि शेवटी जागा होती तशी करून द्यायची.

मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात महापालिकेच्या एका शाळेचा संघ होता. त्यातला एक मुलगा ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यावरून येणारा, बारा-एक वर्षांचा. बाकीचे संघ भाज्यांच्या पिशव्या उघडत होते तेव्हा हा काटक्या मोडत बसला होता. मोडताना प्रत्येक काडीचा आवाज ऐकत होता. 'कट्' असा कोरडा आवाज आला की काडी उजवीकडे, नुसती वाकली की डावीकडे. मग उजवीकडच्या ढिगाचे त्याने तीन ढीग केले: आगपेटीच्या काडीएवढ्या, बोटाएवढ्या आणि मनगटाएवढ्या. दगड मांडताना चुलीचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं. सगळ्यात बारीक काड्यांचा पोकळ खोपा केला, त्याच्या पोटात वाळका पाला सारला आणि आगपेटीची काडी ओढली. एकच. जाळ वर चढला तशी बोटाएवढी लाकडं लावली, घाई न करता, एकेक. धूर जवळजवळ नव्हताच. संघातली बाकीची मुलं गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती आणि पुढच्या वेळी पाला कुणी सारायचा यावरून त्यांच्यात हळू आवाजात भांडण चाललं होतं.

मैदानाच्या मधोमध दुसरा एक संघ होता. भाज्या घरून चिरून आलेल्या, कणीक मळून आलेली, सोबत कापराचं अख्खं पाकीट. दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या आया तिथून सूचना देत होत्या. चूल दोनदा विझली. तिसऱ्यांदा एका शिक्षकांनी येऊन पेटवून दिली. पण त्यांच्या केळीच्या पानावर गाजराची फुलं होती, काकडीचा मोर होता आणि बिटाच्या कापांनी काढलेलं स्काऊटचं चिन्ह होतं.

तो संघ पहिला आला. येऊरच्या मुलाचा संघ नववा. त्यांचा पानगा अळणी होता आणि मांडणी अशी काही नव्हतीच. गुणपत्रिकेत चव, सजावट, नावीन्य, सादरीकरण आणि स्वच्छता अशी पाच घरं होती. आगीसाठी एकही घर नव्हतं. त्या गुणपत्रिकेवर माझी सही आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही, ते आता लिहिते आहे.

माझं म्हणणं असं आहे की या स्पर्धांतले गुण ताटावरून काढून चुलीला द्यायला हवेत. मुलाने आग कशी पेटवली, किती काड्यांत पेटवली, किती सरपणात किती शिजवलं, धूर किती केला, संघात कुणाला काम दिलं आणि कुणाला नुसतं उभं ठेवलं, आणि निघताना ती जागा कशी सोडली, हे मोजा. चवीला चार गुण ठेवा फार तर. सजावटीला एकही नको. पाककला स्पर्धा सोसायटीच्या गणपतीत होतातच की. स्काऊटच्या मैदानावर त्याच स्पर्धेला खाकी पोशाख चढवला तर मुलांना तिथून नवीन काय मिळालं?

चूल पेटवणं हे आजीच्या हाताला येणारं काहीतरी, असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण त्यात शास्त्र आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला हातानेच समजेल असं आहे. लाकूड म्हणून जे जळताना दिसतं तो खरं तर तापलेल्या लाकडातून निघणारा वायू असतो. लाकूड ओलं असलं की उष्णता आधी त्यातल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, वायू अर्धवट जळतो आणि उरलेला धूर होऊन डोळ्यांत जातो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं सरपणच. चूल लाकडांनी गच्च भरली की हवा आत शिरत नाही आणि जाळ बसतो. मुरबाडकडच्या आमच्या घरी आई म्हणायची, "चुलीला श्वास घेऊ दे गं." आणि शिजवायला जाळ नको, निखारा हवा. निखारा व्हायला वेळ द्यावा लागतो. हे वाक्य वर्गात दहा वेळा सांगून मुलांना पटत नाही. वरून कोळसा झालेला आणि आत कचकचीत कच्चा असा बटाटा हातात आला की एकदाच पटतं, कायमचं. म्हणून तो बटाटा करपू द्यायला हवा. आपल्या स्पर्धांत तो करपू दिला जात नाही. दोरीबाहेरून सूचना येतात, शिक्षक धावतात, आणि मुलाच्या हातून ती एक मोलाची चूक निसटते.

आता बहुतेक शाळांनी याहून सोपी वाट काढली आहे. आगच नको. 'फायरलेस कुकिंग' नावाची स्पर्धा घ्यायची, म्हणजे भेळ, सँडविच, फ्रूट चाट. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते खरं कारण सांगतात: काही झालं तर पालक आम्हाला धरतील. ही भीती खोटी नाही आणि मी तिला हसणार नाही, कारण माझ्या देखरेखीखाली अपघात झालेला आहे. आमच्या स्काऊट-गाइड पथकाच्या शिबिरात चुलीसाठी दगड हवे होते, जवळच्या ओढ्यात गुळगुळीत गोटे होते, मीच ते आणायला सांगितलं. ओढ्यातल्या गोट्यांत पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड फुटतो. तो फुटला. एक तापलेली कपची एका मुलीच्या दंडाला लागली. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरून बसले होते तिच्यासोबत. कुणीतरी टूथपेस्ट आणली, कुणी हळद आणली, ती लावू दिली नाही. जखम भरली, व्रण राहिला आहे. तिच्या वडिलांना फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता.

त्यानंतर मी आग बंद केली नाही. ओढ्यातले दगड बंद केले. विटा आल्या, प्रत्येक चुलीशेजारी पाण्याची बादली आणि वाळूचं डबडं आलं, नायलॉनचे कपडे घातलेल्या मुलीला चुलीजवळ बसायची मनाई झाली, दर दोन चुलींमागे एक मोठं माणूस उभं राहू लागलं. त्या माणसाचं काम एकच, धोका दिसला तर 'थांब' म्हणणं. पेटवणं त्याचं काम नाही. भीतीवर उपाय असा बारीकसारीक असतो, आणि तो शाळांना परवडणारा आहे. मुलाला आगीपासून सतरा वर्षं दूर ठेवून अठराव्या वर्षी ते आगीशी शहाणपणाने वागेल अशी आशा धरणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

एक आक्षेप मात्र मला रात्री जागं ठेवतो. माझी आई तीस वर्षं चुलीपुढे बसली. शेवटची काही वर्षं तिला चार पावलं चालली की दम लागायचा. स्वयंपाकघरातल्या धुराने बायकांची फुप्फुसं काय झाली हे मला कुणी सांगायला नको. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गावच्या आमच्या काकूंकडे सिलिंडर आला, त्या दिवशी त्यांनी चुलीच्या जागी तुळशीची कुंडी ठेवली. मग बायका ज्या धुरातून बाहेर आल्या त्याच धुरात मी मुलांना का बसवते आहे? एका सहकारी शिक्षिकेने मला हे थेट विचारलं, आणि तिचा प्रश्न रास्त आहे.

मला सापडलेलं उत्तर असं. बायकांचं आयुष्य चुलीने खाल्लं, कारण चूल रोजची होती, बंद खोलीतली होती आणि फक्त त्यांचीच होती. उघड्या मैदानावर वर्षातून तीन-चार वेळा, मुलगे आणि मुली दोघांनीही पेटवलेली चूल ही वेगळी गोष्ट आहे. त्यातही मुलगे. आमच्या पथकात सहावी-सातवीतली मुलं येतात, त्यांना विचारते, घरी चहा कुणी करतं का? मुलींचे हात वर जातात. मुलगे एकमेकांकडे बघतात. शिबिरात हीच मुलं कणीक मळतात, आधी ती पातळ होते, मग पीठ घालत घालत तिघांना पुरेल एवढ्याची दहांची होते, मग ती दहांना वाटावी लागते. घरी गेल्यावर एखाद्याची आई फोन करून सांगते की याने काल स्वतःहून पोळ्या लाटायला घेतल्या. गोल झाल्या नाहीत, पण लाटल्या. चुलीला गुण द्यायचे तर धुराचे गुण कापायचे, हे मी वर लिहिलं त्याचं कारणही आईच आहे. धूर कमी करायला शिकलेला मुलगा घरातल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी ओळखेल.

मुळात स्काऊटची चळवळ सुरू झाली तेव्हा मांडणी, सजावट असलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. ऑगस्ट १९०७ मध्ये तिचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राऊनसी नावाच्या बेटावर वीसएक मुलांचं शिबिर घेतलं. त्यातली काही इटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली होती, काही बोर्नमथ आणि पूलमधल्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले आणि हे दोन्ही थर एकमेकांत मिसळले. मला त्या शिबिरातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपण नेमकी तीच टाकून दिली. आपल्याकडे स्पर्धा शाळेविरुद्ध शाळा अशी होते. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली मुलं एका संघात, किसननगरच्या चाळीतली दुसऱ्या, पाड्यावरची तिसऱ्या. येऊरच्या त्या मुलाला काडीचा आवाज ऐकता येतो, टॉवरमधल्या एखादीला नकाशा वाचता येतो, चाळीतल्या कुणाला सात माणसांचा वरण-भात अंदाजाने लावता येतो. सकाळी चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. दीड तासात त्या मुलांना एकमेकांकडून जे मिळेल ते कुठल्याही शाळेला एकटीला देता येणार नाही. शाळांना ढाल कोण नेणार याची चिंता असेल तर ढाल ठेवूच नका.

परदेशी गोष्ट जशीच्या तशी चालवायला हवी असंही नाही. सुरुवातीला आपल्या मुलांना स्काऊट होता येत नव्हतं, तेव्हा मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे आपली वेगळी स्काऊट संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही एकत्र संस्था झाली. ज्यांनी अख्खी संघटना आपल्या गरजेनुसार घडवली त्यांच्या वारसांना गुणपत्रिकेतली पाच घरं बदलणं जड जाऊ नये.

आणि बिनभांड्यांचा स्वयंपाक शिकायला आपल्याला इंग्रजी पुस्तक उघडायची काय गरज आहे? ठाणे-रायगडच्या माणसाला पोपटी, म्हणजे मडक्यात कोंडून भाजलेल्या वालाच्या शेंगा, ठाऊक आहे. मागच्या थंडीत आमची बावीस मुलं पनवेलजवळच्या एका आगरी आजोबांच्या शेतावर नेली. आजोबांनी आधी मुलांना बांधावर भांबुर्डा नावाचं वासाचं रानझुडूप शोधायला पाठवलं. पानं चुरगळून वास घ्यायचा, तोच खरा पुरावा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. पाणी नाही, तेल नाही. शेंगांचं आणि पाल्याचं स्वतःचं पाणीच वाफ होऊन शिजवतं. मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा-गवत रचलं आणि पेटवलं. अर्ध्या तासाने एका मुलाने विचारलं, "झालं का कसं कळणार? उघडायचं का?" आजोबांनी ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी तिथल्या तिथे उडालं. "झालं. उघडून बघशील तर वाफ जाईल, शेंगा कच्च्या राहतील." त्या बावीसांपैकी एकही जण ती चर्र विसरणार नाही. असे आजोबा उरण-पनवेलपासून घणसोली-दिव्यापर्यंत गावठाणागावठाणात आहेत. परीक्षकांच्या खुर्चीवर त्यांना बसवा.

याच मेळाव्यांत आता आणखी एक प्रकार जोमात आहे, रानात तगून राहण्याच्या स्पर्धा. सर्व्हायव्हल चॅलेंज म्हणतात. टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी तो आणला. डोळे बांधून चालायचं, दोरीवरून ओढा ओलांडायचा, काहीतरी किळसवाणं खाऊन दाखवायचं, सगळ्यात आधी पोहोचेल तो जिंकला. इथे मला काळजी वाटते ती जास्त गंभीर आहे. स्वयंपाकाच्या स्पर्धेत चुकीचे गुण दिले तर पानगा अळणी राहतो. या स्पर्धेत चुकीचे गुण दिले तर मुलाला चुकीची खोड लागते, आणि ती खोड जुलै महिन्यात धबधब्याखाली जीव घेते.

तगून राहण्याचा जुना ठोकताळा असा आहे: हवेवाचून तीन मिनिटं, ऊन-वारा-थंडीचा कहर असेल तर निवाऱ्यावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस, अन्नावाचून तीन आठवडे. खाणं सगळ्यात शेवटी येतं. तरी स्पर्धा घेणाऱ्यांना पहिलं सुचतं ते खाणंच. रानातलं काहीही खायला शिकवणं तर सरळ घातक आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर जांभळी नाक्यावर पाड्यांवरच्या बाया शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. बरोबर काकडाची हिरवी फळंही असतात, कारण शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ती नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून सुजतो. काकडाचा आंबटपणा किंवा चिंच त्यावर उतारा. हे ज्ञान त्या बायांच्या घरात आजीकडून नातीकडे आलेलं आहे, एका दुपारच्या 'चॅलेंज'मध्ये येत नाही. कणीक भाजायला काठी निवडतानाही हेच. रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर फुललेली असते, काठ्या सरळ आणि छान दिसतात, पण कण्हेर नखशिखान्त विषारी आहे. स्पर्धेत वीस झाडांची पानं मांडून ठेवा आणि मुलांना विचारा, यातल्या कशाला हात लावणार नाही? जो कमी पानांना हात लावील त्याला जास्त गुण.

सापाचंही तसंच. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आहेत. चावलेल्या जागी चिरा देणं, रक्त चोखणं, दोरीने करकचून बांधणं हे सगळं मुलांनी पडद्यावर पाहिलेलं असतं आणि ते सगळं चूक आहे. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला धावू द्यायचं नाही, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर न्यायचं. मग स्पर्धा अशी घ्या: दोन काठ्या, एक स्कार्फ आणि एक चादर यांवर संघाने जखमी मुलाला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, त्याचा पाय न हलवता. सगळ्यात आधी पोहोचलेला संघ जिंकेलच असं नाही.

खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात दरवर्षी बंदी घालावी लागते. तरी माणसं जातात, तरी वाहून जातात. त्यातल्या बहुतेकांना पोहता येत नव्हतं म्हणून ती गेली असं मला वाटत नाही. त्यांना परत फिरता येत नव्हतं. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, म्हणजे डोंगरावर कुठेतरी पाऊस कोसळला आहे आणि तो इकडे यायला निघाला आहे. ही खूण कळूनही मित्रांसमोर 'मी नाही येत' म्हणायची ताकद लागते. ती ताकद आपण मुलांना कुठेच शिकवत नाही, उलट अशा स्पर्धांत 'पुढे जा, घाबरू नकोस' म्हणून ती मोडून काढतो. माझ्या मनातली स्पर्धा अशी आहे: वाटेवर सहा ठिकाणं. एका ठिकाणी फलकावर लिहिलेलं असेल, ओढ्याचं पाणी गढूळ आहे, पोटरीपर्यंत आहे, पलीकडे पोहोचलात तर वीस मिनिटं वाचतील. जो संघ तिथून परत फिरेल आणि लांबची वाट धरेल त्याला त्या ठिकाणचे पूर्ण गुण. वाट चुकली तर एका जागी थांबून, थोड्या थोड्या वेळाने तीनदा शिट्टी वाजवणाऱ्याला पूर्ण गुण. बाटलीतलं शेवटचं पाणी आजारी मित्राला देणाऱ्याला पूर्ण गुण. ओढ्याचं पाणी खळखळून उकळून मगच प्यायला देणाऱ्याला पूर्ण गुण. इथे चूल पुन्हा येते. उकळायला आग हवी, पावसात आग हवी असेल तर कोरडी काडी हवी, आणि कोरडी काडी भिजलेल्या फांदीच्या आतल्या गाभ्यात मिळते, चाकूने सोलून.

आपल्या मुलांचं रान तसंही फक्त डोंगरात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री ठाणे, कळवा, दिवा इथले किती लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते ते आमच्या पिढीला आठवतं. तेव्हाही प्रश्न हेच होते: थांबायचं की निघायचं, कुणाचा हात धरायचा, पाणी कुठलं प्यायचं.

आता जागेचा प्रश्न, तो सोडून बोललं तर हे सगळं हवेत राहील. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे आग लावायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली की डोंगर काळा होतो, हे ठाणेकर आपल्या गच्चीतून पाहतात. जंगलात मुलांना न्या, पण पाहायला, ऐकायला, पानं ओळखायला. चूल मैदानावरच. मैदानांवर मात्र पेव्हर ब्लॉक आले आहेत. शाळांची अंगणं, उद्यानांच्या कडा, सगळीकडे. त्यावर थेट आग पेटवली तर ब्लॉक तडकतात आणि संस्थाचालक पुढच्या वर्षी परवानगी देत नाहीत. यावर उपाय स्वस्त आहे: बांधकामावरचं लोखंडी घमेलं, तळाला चार बोटं वाळू, खाली दोन विटा. जमीन तापत नाही, राख सांडत नाही, विझवणं सोपं जातं. विझली असं म्हणण्याआधी पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, हाताची पालथी बाजू राखेजवळ धरून ऊब लागते का पाहायचं, लागली तर पुन्हा पाणी. या ढवळण्याला मी स्वतंत्र घर ठेवते गुणपत्रिकेत.

पण घमेल्यांवर कायमचं भागवू नये. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे, आणि सिडकोकडे, मोकळे भूखंड आहेत. क्रिकेटला जाळ्या बांधून मिळतात, स्केटिंगला गुळगुळीत फरशी मिळते. मुलांना मातीची, पाण्याचा नळ असलेली, कडेला चार झाडं असलेली एक जागा मिळावी, जिथे महिन्यातून दोन रविवार चूल पेटवता येईल, तंबू ठोकता येईल, खड्डा खणता येईल. दरवर्षी मे महिन्यात पालिका रस्त्यांवरच्या फांद्या छाटते, त्या ट्रकने उचलून नेते. त्यातल्या दोन ट्रक फांद्या तिथे टाकल्या तर वर्षाचं सरपण झालं, एकही झाड न तोडता. हे मागणं मोठं नाही. आमच्यापैकी कुणी ते नीट कागदावर मांडून पालिकेत नेलेलं नाही, तेही आता करायला हवं, आणि त्या कागदावर सही करायला मी तयार आहे.

येत्या डिसेंबरात आमच्या पथकाचा छोटा मेळावा आहे. चिठ्ठ्या टाकून संघ पडणार आहेत. बारा घमेली लागतील, सात जमली आहेत, बाकीची एका ठेकेदारांनी द्यायचं कबूल केलं आहे. मे महिन्यात सोसायटीत छाटलेल्या फांद्या आमच्या एका पालकांच्या गॅरेजमध्ये वाळत पडल्या आहेत. येऊरचा तो मुलगा आता चौदाचा आहे, संघनायक झाला आहे. परीक्षक म्हणून मी त्याच्या आजीला विचारायला पाड्यावर गेले होते. त्या म्हणाल्या, "मला लिवता येत नाय बाई, गुण कसं देऊ?" मी म्हटलं, तुम्ही बोटं दाखवा, मी लिहीन. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "सरपण वाळलेलं हाय ना?"